पोतेऱ्याचं जाकीट

माझ्या मामाला सगळे 'कॉलर' म्हणतात. तोंडावरही आणि पाठीमागेही. कारण तो माणसाचं तोंड नंतर बघतो, आधी कॉलर बघतो. मामीच्या माहेरी एकदा कुणीतरी गेलं होतं. सगळे रडत होते आणि हा भेटायला आलेल्या एका माणसाच्या गळ्याकडे टक लावून बसला होता. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाला, "कॉलरीतलं बकरम उलटं लावलंय गं त्याच्या शिंप्याने." मामीने ते ऐकलं. घरी पोचेपर्यंत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

मी नववीत शाळा सोडली आणि तेव्हापासून मामाच्या दुकानात आहे. काजं करते, अस्तर लावते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. हे शेवटचं काम मामाला जमत नाही. माणूस जाड झालेला असतो, पण म्हणतो पँट घट्ट शिवली. मामा मान खाली घालून "सैल करून देतो" म्हणतो. मग मी बोलते. मामाला कुणी काही बोललेलं मला चालत नाही. आता जे सांगणार आहे त्यात मात्र मला त्याच्या बाजूने भांडता आलं नाही. म्हणून तर सांगतेय.

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची एकच खोली. पुढे कापड बेतायचं टेबल, मागे दोन मशिनी, कोपऱ्यात आरसा आणि एका बाजूने कधीच पूर्ण न लागणारा पडदा. माप घेणं, शिवणं, उसवणं, परत शिवणं. मामाने आयुष्यभर हेच केलं. पण त्याच्या डोक्यात दुसरंच चालू असायचं. तो म्हणायचा, "बायकांना बघ किती रंग, किती काठ, किती गळे. आणि पुरुषाला काय? निळा शर्ट, पांढरा शर्ट, आणि लग्नात घाम काढणारा कोट. पुरुषाने काय पाप केलंय?"

मामी आतून ओरडायची, "यादी देऊ का?"

दुकान बंद असायचं त्या दिवशी मामा घरात टिकायचाच नाही. कुठल्यातरी बसमध्ये बसायचा आणि शेवटच्या थांब्यावर उतरायचा. बरोबर मी. मलाही एका जागी बसवत नाही, त्यामुळे आमचं जमायचं. तिथे उतरून तो विचारायचा, "इथे हाताने काय करतात?" लोकांना वाटायचं हा सरकारी माणूस आहे. मग मी सांगायचे, "नाही हो, शिंपी आहे. थोडा हललेला आहे, पण शिंपीच आहे."

एका नदीकाठी जाळी विणणारे होते. त्यांच्या गाठी बघून मामाने शर्टाला बटणांऐवजी गाठीची बिरडी लावली. गोधडी शिवणाऱ्या एका बाईशेजारी तो अर्धा दिवस बसून राहिला. तिचा धावदोरा जिथे वळायचा, तसाच त्याने कफ वळवला. एका मेंढपाळाने खांद्यावर घोंगडी टाकली होती. तिच्या कडेला जाड टाका होता. मामा त्याच्यामागून इतका वेळ चालला की मेंढपाळ थांबला आणि म्हणाला, "मेंढी हवी का तुला?"

"नको. कड हवी."

परत आल्यावर सगळं डोक्यातलं तो खडूने टेबलावर काढायचा. बाह्या, खिसे, उभ्या कॉलरी. दुसऱ्या दिवशी मामी त्यावरच भाजी निवडायची. खडू पुसला जायचा. मामा परत काढायचा.

असंच फिरता फिरता आम्ही ठसेवाल्या बाबांकडे पोचलो.

शेवटच्या थांब्यासमोरच त्यांचं अंगण होतं. अंगणात दोऱ्यांवर छापलेली कापडं वाळत घातलेली. निळी, लाल, काळी. मामाची चालच बदलली. लहान पोर मिठाईच्या दुकानात शिरतं तसा आत शिरायला निघाला. दारात बाबांनी अडवलं. पांढरंशुभ्र धोतर, मिशीला तेल, वय झालेलं पण पाठ ताठ. "थांबा. आत या म्हटल्यावर या." आत काहीतरी ओढण्या-गुंडाळण्याचा आवाज आला. मग बाबा परत आले. मधल्या वेळेत त्यांनी मिशी विंचरली होती. "या आता."

बाबा साधेसुधे वगैरे अजिबात नव्हते. स्वतःच्या कामाचं कौतुक ते स्वतःच करायचे, दुसऱ्याची वाट बघायचे नाहीत. छापलेलं कापड दोन्ही हातांनी उजेडात धरून म्हणायचे, "बघा. दोन ठशांच्या मधला सांधा शोधा. शोधा! सापडला तर कापड फुकट घेऊन जा." मामा डोळे फोडून शोधायचा. सापडायचा नाही. मग बाबा असे हसायचे की मिशी हलायची.

त्यांच्याबरोबर सून काम करायची. मुलगा दूर कुठेतरी गाडी चालवतो, त्याला रंगाचा वासही सहन होत नाही. सुनेने मात्र लग्नानंतर हळूहळू सगळं शिकून घेतलं. मोठा ठसा बाबा मारायचे, आतला बारीक ठसा ती मारायची. ठसा ठेवायचा आणि वरून मुठीने ठोकायचा. बाबांची ठोक जड, तिची हलकी. धप्प-टक, धप्प-टक. बाबा तिच्यासमोर तिचं कौतुक कधी करायचे नाहीत. पण ती पाणी आणायला गेली की मामाच्या कानात म्हणायचे, "हिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तिला सांगू नका, डोक्यावर बसेल."

मामा सारखा तिथे जायला लागला. बाबा त्याला 'मास्तर' म्हणायचे. एकदा त्याने शर्टांसाठी निळं कापड छापून घेतलं. न्यायला गेलो तर कापड उशिरा वाळलं आणि बस हॉर्न मारायला लागली. बाबा आत जेवत होते. कापड गुंडाळायला काही सापडेना. सुनेने टेबलावरचं अंथरलेलं फडकं खसकन ओढलं, त्यात आमचं कापड बांधलं आणि धावत येऊन बसच्या खिडकीतून मामाच्या मांडीवर टाकलं. बस हलली. ती बरोबर धावत म्हणाली, "दादा, वरचं फडकं घरी गेल्यावर फेकून द्या हां! कुणाला दाखवू नका!"

मामा हसून म्हणाला, "हो हो."

दुकानात आल्यावर त्याने गाठोडं सोडलं. आतलं निळं कापड सुरेखच होतं. पण मामा त्याच्याकडे बघेचना. तो फडकं बघत होता.

ठसे मारताना खाली एक जुनं कापड अंथरतात. वरच्या कापडातून झिरपलेला रंग, कडेला सांडलेला रंग, ठसा नीट उमटतोय का म्हणून मारलेले नमुने, सगळं त्या खालच्या कापडावर पडतं. महिनोन्महिने. फुलावर पान, पानावर वेल, वेलीवर कुणाच्यातरी बोटांचे पाच ठिपके. लाल, निळं, काळं, एकावर एक. मामाने ते टेबलभर पसरलं आणि खुर्चीवर चढून वरून बघत राहिला.

"पोरी, हे कुणी ठरवून केलेलं नाही. म्हणून इतकं भारी झालंय."

"ती म्हणाली होती फेकून द्या."

"तिला कळलेलं नाही तिने काय दिलंय ते."

हे वाक्य मी विसरणार नाही. मामा वाईट माणूस नाही. हे बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. पण वाक्य ते वाक्य.

त्या फडक्याचं त्याने जाकीट शिवलं. असं काम त्याने त्याआधी केलं नव्हतं. उभी कॉलर, कडेला त्या घोंगडीचा टाका, आणि बोटांचे पाच ठिपके बरोबर डाव्या छातीवर आले. मामीनेही हात पुसून ते धरून बघितलं. म्हणाली, "हे कोण घालणार? पण आहे चांगलं." मामीकडून एवढं म्हणजे पदकच.

मोठ्या रस्त्यावर पुरुषांच्या कपड्यांचं एक शोरूम आहे. मामा तिथल्या कपड्यांची दुरुस्ती करून द्यायचा. पँटची लांबी, बाहीची उंची. मागच्या दाराने जायचा, मागच्या दाराने यायचा. त्या शोरूमवाल्याने जाकीट बघितलं आणि मामाला पहिल्यांदा पुढच्या दालनात बसवलं. जाकीट काचेत पुतळ्याला घातलं. म्हणाला, "अशीच अख्खी रेंज काढू. शर्ट, जाकिटं, सगळं. खाली तुमचं नाव." मामा घरी आला तेव्हा पाय जमिनीला टेकत नव्हते.

पण एक सांगते. मामा एकट्याने श्रेय घेणारा नाही. शोरूमवाल्याला त्याने अट घातली, माझ्या नावाच्या वर बाबांचं नाव पाहिजे. बाबांचा मोठा फोटो लावला, ताठ पाठीचा, मिशीवाला. खाली लिहिलं, 'या कापडामागचे हात'. आणि ही रेंज जाहीर करायच्या कार्यक्रमाला बाबांना आणि सुनेला बोलावलं. जाकिटाबद्दल मात्र आधी काही सांगितलं नाही. "तिथेच दाखवू. बघच तू, बाबा किती खूश होतात."

ते दोघं बसने आले. बाबांनी कडक इस्त्रीचे कपडे घातले होते. सुनेने नवीन चप्पल घातली होती आणि ती तिला लागत होती. शोरूममध्ये दिवे, गार हवा, अत्तर लावलेली माणसं. बाबा जराही बुजले नाहीत. आपला फोटो बघून म्हणाले, "मिशी बरी आली आहे." आजूबाजूची माणसं हसली, बाबा आणखी फुलले.

मग शोरूमवाल्याने पुतळ्यावरचं कापड ओढलं. टाळ्या.

बाबा पुढे गेले. आधी कळलंच नाही त्यांना. त्यांनी जाकिटाची बाही हातात धरली आणि सवयीने दोन ठशांच्या मधला सांधा शोधायला लागले. सांधा कुठे असणार? तिथे सगळीच गिचमीड. ते वाकले. छातीवरच्या पाच ठिपक्यांवर त्यांनी आपली पाच बोटं ठेवली. बरोबर बसली.

मी त्यांच्या शेजारीच होते. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरतं म्हणतात, तसं मी खरोखर बघितलं. मिशी तेवढी जागेवर होती, बाकी सगळा चेहरा खाली आला.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "हे कुठून आणलंत?"

आणि मामा, माझा शहाणा मामा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वहिनींनी दिलं! स्वतःच्या हाताने!"

परत टाळ्या. सगळे सुनेकडे बघायला लागले. कुणीतरी तिचा फोटो काढला. ती पदर चावत उभी होती. बाबांनी तिच्याकडे एकदाच बघितलं.

"हे माझं पोतेरं आहे," बाबा म्हणाले.

लोकांना वाटलं म्हातारा विनयाने बोलतोय. शोरूमवाला म्हणाला, "वा! काय साधेपणा!" एका माणसाने बाबांचा हात हातात घेऊन हलवला. बाबा त्या माणसाला समजावत होते, "अहो नाही, खरंच. हे खालचं आहे. घाण आहे ही. माझं काम हे नाही." जितकं ते सांगत होते तितके लोक जास्त खूश होत होते.

मामाला कळलं होतं. मी त्याचा चेहरा बघितला, त्याला कळलं होतं. तेवढ्यात शोरूमवाल्याने त्याच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांसमोर विचारलं, "मग काय, अख्खी रेंज काढायची ना?" मामाने बाबांकडे बघितलं. मग शोरूमवाल्याकडे बघितलं. आणि म्हणाला, "हो."

बाबा आणि सून काही न खाता निघून गेले. चप्पल लागत होती म्हणून ती लंगडत होती. बाबा पुढे, ती बरीच मागे.

घरी आल्यावर मामीने सगळं माझ्याकडून काढून घेतलं. मी म्हणाले, "मामी, त्याने चांगल्यासाठीच केलं गं." मामी मशीन पुसत होती. न थांबता म्हणाली, "उद्या मी तुझ्या मामाची आतली फाटकी बनियन चौकात लावते आणि खाली त्यांचं नाव लिहिते. तेही चांगल्यासाठीच."

मामा टेबलाशी बसला होता. हातात खडू होता, पण काढत काहीच नव्हता.

काही दिवस गेले. शोरूमवाल्याचे फोन येत होते, मामा 'बघतो, करतो' म्हणत होता. बाबांकडे फोन करायचं त्याला धाडस होईना. शेवटी मीच केला. फोन सुनेने उचलला.

"काय करताय, वहिनी?"

"काही नाही. पाणी भरते, कापड वाळत घालते."

"आणि ठसे?"

तिने बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा म्हणाले, जिला घरातलं काय बाहेर जाऊ द्यायचं कळत नाही, तिने टेबलापाशी यायचं नाही. बारीक ठसापण आता तेच मारतात. त्यांचा हात थरथरतो, रेषा हलते. मग ते कापड काळ्या रंगात बुडवून टाकतात. रोज बुडवतात."

"तुम्ही सांगितलं नाही? की तुम्ही फेकून द्या म्हणाला होतात?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, मग मास्तर काय चोर आहे का? मी काय बोलणार? हो म्हणू?"

फोन स्पीकरवर होता. मामा तिथेच होता. तो उठला आणि पडद्यामागे गेला, जिथे गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात. पडदा एका बाजूने लागत नाही, त्यामुळे मला आरशात तो दिसत होता. तो आरशाकडे पाठ करून उभा होता.

मला खूप राग आला. बाबांचा आला, शोरूमवाल्याचा आला, टाळ्या वाजवणाऱ्यांचा आला. मामाचा यायला हवा होता, तो काही येईना. मी म्हणाले, "मामा, मी जाते आणि त्या म्हाताऱ्याला सांगते."

"तू नाही," तो आतून म्हणाला. "तुझ्यामागे लपायची मला सवय झाली आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही शोरूममध्ये गेलो. पुढच्या दाराने. मामाने काचेत शिरून पुतळ्याचं जाकीट काढायला घेतलं. पुतळ्याचा हात वळेना, मी तो उपटून काढला. शोरूमवाला धावत आला. "अहो मास्तर, काय करताय? लोक रोज विचारतात!"

"माझं नाही ते. आणि फोटोही उतरवा."

"अहो, म्हाताऱ्यांचं काय मनावर घ्यायचं! समजतं का त्यांना फॅशनमधलं?"

मी पुतळ्याचा हात घेऊनच त्याच्याकडे वळले होते. मामा म्हणाला, "पोरी, हात ठेव खाली." शोरूमवाल्याला तो म्हणाला, "रेंजबिंज काही निघणार नाही. त्या दिवशी मी हो म्हणालो, ते चुकलं." मग आम्ही निघालो. दुरुस्तीचं कामही गेलं हे दोघांनाही कळत होतं. बसमध्ये मामाने जाकीट मांडीवर घडी करून ठेवलं होतं. सारखी कॉलर नीट करत होता.

बाबा दारातच होते. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. सून दोरीपाशी कापड झटकत होती, तिने मान वर केली नाही.

मामा अंगणात उभा राहून बोलला. घसा साफ केला नाही, काही नाही. "बाबा, वहिनींनी मला दिलं नाही. बस सुटत होती म्हणून त्यात कापड बांधलं. मला म्हणाल्या, फेकून द्या, कुणाला दाखवू नका. मी हो म्हणालो. घरी गेल्यावर मला वाटलं, यांना काय कळतं. आणि त्या दिवशी तुमचं तोंड बघूनही मी त्या माणसाला हो म्हणालो. मला माझं नाव काचेत बघायचं होतं."

 बाबांनी हात पुढे केला. मामाने जाकीट दिलं. बाबांनी ते उलटं केलं, अस्तर बघितलं, शिवण नखाने ओढून बघितली, कॉलर वाकवून सोडली. ती परत ताठ उभी राहिली.

"शिवलंय चांगलं," ते म्हणाले.

मग आत गेले, रंगाच्या टेबलावर सांडलेला काळा रंग होता, तो त्या जाकिटाने पुसला. सावकाश. आधी पाठीने, मग बाह्यांनी, शेवटी कॉलरने. मामा दारातून बघत होता. मी त्याचा दंड धरला होता, तो धरला नसता तर मीच आत गेले असते.

"या आत," बाबा म्हणाले. "लावा हात."

"कशाला?"

"ठशाला. एक कापड छापा." मग बाहेर बघून ओरडले, "अगं ए, ह्यांना ठसा काढून दे! मास्तरांना कुठला कुठे असतो ते माहीत नाही."

सून कापड तसंच टाकून आत आली. त्या दिवसापासून पहिल्यांदाच. तिने फळीवरून एक मोठा ठसा काढला, पदराने पुसला आणि मामाच्या हातात दिला. "दादा, सरळ ठेवा आणि सरळ उचला. बस."

सरळ! माझा मामा मोजपट्टीशिवाय सरळ कापतो, अख्ख्या बाजारात त्याच्यासारखा हात नाही. पण ठसा त्याच्या हातात वेगळाच वागला. पहिला उमटला तो तिरका. दुसरा पहिल्यावर चढला. तिसऱ्याला रंग जास्त झाला, फुलाचं डबकं झालं. चौथा उचलताना घसरला. मामाच्या कपाळावरून घाम गळून एका पानावर पडला, तिथे पांढरा डाग. सून ओठ दाबून उभी होती. एकदा तिच्याकडून फिसकन हसू निसटलं, लगेच तिने खोकल्यासारखं केलं. बाबा हसले नाहीत. "पुढे," म्हणायचे. "थांबू नका. पुढे."

कापड संपलं तेव्हा मामाचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते. बाबांनी ते कापड स्वतः उचललं, बाहेर नेलं आणि सगळ्यात पुढच्या दोरीवर, बरोबर बसथांब्यासमोर, पसरून घातलं. चिमटे लावले. म्हणाले, "वाळेपर्यंत इथे उभं राहायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, कुणी छापलंय."

"बाबा, आता हे जास्त होतंय," मी म्हणाले. मी कापड ओढायला गेले होते, चिमटा काढलाही होता.

"लाव तो परत," मामा म्हणाला.

"मामा, अरे लोक बघतायत."

"बघू देत. लाव."

मी लावला. आम्ही त्या कापडाशेजारी उभे राहिलो. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबायचा. ते गावच ठशांचं, तिथल्या पोरांनाही चांगलं-वाईट कळतं. एक बाई म्हणाली, "हे बाबांच्या दोरीवर? बरं नाही का त्यांना?" मामा म्हणाला, "त्यांचं नाही. मी छापलंय." एक म्हातारा चष्मा वर करून बघायला लागला आणि म्हणाला, "डोळे झाकून मारलेत का?" मामा म्हणाला, "नाही, उघडे ठेवून." दरवेळी त्याची मान थोडी आणखी खाली जायची. कान लाल झाले होते. आणि मी, जी कुणालाही सोडत नाही, ती शेजारी नुसती उभी.

आतून ठोक ऐकू यायला लागली. धप्प. मग थोडं थांबून, धप्प. मामाने मान वर केली. मग हलकी ठोक आली. टक. धप्प-टक. धप्प-टक. आत कोण काय बोललं ते आम्हाला कळलं नाही. बहुतेक कुणीच काही बोललं नसेल. मामाने नाक पुसलं आणि काळा रंग नाकाला लागला. मी सांगितलं नाही त्याला.

मग बस आली. त्यातून शहरातली दोन-तीन पोरं उतरली. केस रंगवलेले, पाठीवर पिशव्या. अंगणातली बाकीची सगळी कापडं सोडून ती सरळ मामाच्या कापडापाशी आली.

"ए, हे बघ ना! काय भारी आहे! एकदम वेगळं!"

"हो रे. बाकी सगळी सारखीच, हे बघ, हे कसं मोकळं आहे."

"दादा, हे विकायचं आहे का? याचा शर्ट काय दिसेल!"

मामा त्यांच्याकडे बघतच राहिला. एवढे लोक हसून गेले तेव्हा त्याला जे झालं नव्हतं, ते आता झालं. त्याचं तोंड उघडं पडलं, हनुवटी हलायला लागली. "नाही," तो म्हणाला. "विकायचं नाही. चुकलंय ते. नीट बघा ना, सगळं चुकलंय."

"असं कसं चुकलंय? तीच तर मजा आहे! बरं, फोटो काढू का नुसता?" पोराने फोन वर केला.

मामा कापडाच्या पुढे जाऊन उभा राहिला. दोन्ही काळे हात पसरून, जमेल तेवढं कापड झाकत. "नको," म्हणाला. "कृपा करा. फोटो नको. आतलं बघा, आत बाबांनी छापलेलं आहे, ते बघा. हे नको."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आतली ठोक थांबली. बाबा दारात आले, मागे सून, तिच्या हातात बारीक ठसा, बोटं निळी. बाबांनी मामाकडे बघितलं. पसरलेले हात, नाकाला लागलेला रंग, ओल्या कापडाचे पाठीवर उमटलेले डाग. बराच वेळ बघितलं.

"मास्तर," बाबा म्हणाले, "बाजूला व्हा. तुमच्या सावलीने ते वाळायचं नाही."